ही गीतांजली कोण, ताई?

प्रिय गट्टूताई,

तुला जाऊन वर्ष झालं आणि या वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून आयुष्यभर लोकांच्या निधनवार्ता लिहिणाऱ्या माणसाला बहिणीसाठी चार ओळी सुचू नयेत? सुचत होत्या. पण तू वाचून लाल पेनानं दुरुस्त्या करणार नसशील तर लिहायचं कशाला, असं वाटत राहिलं.

आज लिहितोय ते किळस आली म्हणून. दुसरा शब्द शोधून पाहिला. राग म्हणावं, तर राग जेवल्यावर उतरतो. हे उतरत नाही. परवापासून घास तोंडाशी नेला की तो हॉल आठवतो आणि ताट सरकवावंसं वाटतं.

परवा मनीषनगरात तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम झाला. आपल्या मधल्या आनंददादाच्या सुमेधनं तो त्याच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवला होता. शेवटची वर्षं तू त्याच्याकडे काढलीस, दादाही आता नाही, तेव्हा मान त्याचाच. फाटकावर हा मोठा फलक. एका बाजूला कमळ, दुसऱ्या बाजूला सुमेधच्या दुकानाचं चिन्ह, आणि मध्ये ठळक अक्षरांत: ‘कालकथित गीतांजली यांचा प्रथम स्मृतिदिन’.

मला आधी वाटलं, छपाईवाल्यानं दुसऱ्या कोणाचा फलक आणून टांगला. आत गेलो, तर तुझ्या फोटोखालीही तेच नाव. फोटो तुझाच, तोच तो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. नाव भलत्याच बाईचं.

ही गीतांजली कोण, ताई?

सुमेधला बाजूला घेतलं. तो पांढऱ्या झब्ब्यात, हातात मेणबत्त्यांचं खोकं.

“हे काय लिहिलंस?”

“काका, आता नका न काढू तो विषय. भन्ते येऊनच राहिले.”

“एवढंच सांग. काहून बदललं?”

“गर्ट्रूड म्हटलं का क्लायंट हसतात. जे हसत नाहीत ते विचारतात, तुमची आत्या ख्रिश्चन होती का? किती जणाले समजावत बसू मी? गीतांजली चांगलं नाव आहे. ग पण तोच आहे.”

ग तोच आहे. हे वाक्य त्यानं मला दिलासा म्हणून सांगितलं.

तुझ्या नावाची गोष्ट त्याला ठाऊक नाही असं नाही. तूच त्याला ती इतक्या वेळा सांगितली आहेस. आईची आधीची दोन बाळं गेली होती. तू पोटात होतीस तेव्हा बाबांनी तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या जर्मन सिस्टरनं तुम्हा दोघींना मरणाच्या दारातून ओढून आणलं. आईनं त्या सिस्टरला तिचं नाव विचारलं. सिस्टरनं सांगितलं. आईला ते पहिल्यांदा म्हणताही आलं नाही. “हे मले देता का, पोरीसाठी?” असं आईनं विचारलं, आणि सिस्टर म्हणे हसली आणि मग रडली. म्हणून गिरणीतल्या मजुराच्या घरात, उत्तर नागपूरच्या वस्तीत, गर्ट्रूड नावाची मुलगी आली. वस्तीनं तिची लगेच गट्टू केली, ते वेगळं.

नंतर छप्पन साल आलं. दीक्षा घेऊन आलेल्या वस्तीत घरोघर नावं बदलली. आपल्या आईचं नाव कचरी होतं. गावात पाटलाच्या माणसानं हाक मारली तीच कायम झाली. आईनं ते नाव टाकलं आणि सुजाता घेतलं. तेव्हा कोणीतरी शहाण्यानं सुचवलं, पोरीचंही बदलून टाका, हे साहेबी नाव कशाला? आईचं उत्तर तू इतक्या वेळा सांगायचीस की मी तेव्हा जन्मलो नसूनही मला ते ऐकल्यासारखं वाटतं: “माहं नाव मी फेकलं, काहून का ते मले दुसऱ्यानं फेकून मारलं होतं. हिचं नाव मी मागून आणलं. त्याले कोणी हात नोका लावू.”

शाळेत तुला काय कमी छळलं? गट्टू म्हणजे फरशीचा गट्टू, म्हणून पोरं तुला ओलांडून उड्या मारायची. तू रडत घरी आली नाहीस. तू सरळ दवाखान्यात गेलीस आणि त्या सिस्टरला विचारलंस, याचा अर्थ काय? आणि संध्याकाळी येऊन अंगणात जाहीर केलंस: जुन्या जर्मन भाषेत पहिला भाग म्हणजे भाला, दुसरा म्हणजे बळ. मग मला आठवतं तेव्हापासून तू हातात झाडू भाल्यासारखा धरूनच अंगण झाडायचीस.

तिथून तुला नावांचं वेड लागलं. इतिहासाची शिक्षिका झालीस आणि वर्गातला कुठलाही राजा आला की आधी त्याचं नाव फोडून दाखवायचीस. विल्हेल्म: इच्छा आणि शिरस्त्राण. फ्रीडरिश: शांतता आणि सत्ता. रॉबर्ट: कीर्ती आणि तेज. आणि लगेच बजावायचीस की दोन तुकडे जोडून एक वाक्य करू नका. ते लोक एक तुकडा बापाच्या नावातून घ्यायचे, एक आईच्या किंवा आजोबाच्या, आणि जोडायचे. नात्याची खूण राहिली की झालं, अर्थ जुळलाच पाहिजे असं नाही. “आपल्या सुनील-मीनाची सुमी झाली ना, तसंच,” म्हणायचीस. ऑटो हे जुन्या राजांचं नाव आणि त्याचा अर्थ संपत्ती, हे तू सीताबर्डीवरच्या ऑटोवाल्यालाही सांगितलं होतंस. तो म्हणाला, “मॅडम, मंग हप्ता काहून थकते जी?” त्यावर तू दिवसभर हसत होतीस.

पण तुझा खरा जीव लॅटिन नावांवर. जगावर राज्य करणाऱ्या रोमच्या मोठ्या माणसांची नावं काय होती, तर टकला, जाड्या, तोतरा, नाकाड्या. क्लॉडियस म्हणजे लंगड्याच्या घराण्यातला. सिसेरो म्हणजे हरभरा. तू फळ्यावर लिहायचीस: कॅल्वस, क्रॅसस, बाल्बस, नासो. आणि शेजारी आपल्या वस्तीतली जुनी नावं: दगडू, धोंडू, कचरी, उकिरडा. मग विचारायचीस, फरक काय?

तूच सांगायचीस, “रोमच्या लंगड्याचा नातू सेनापती झाला आणि तेच नाव मिरवत फिरला. आपल्याला ते मिरवता आलं नाही, कारण ते आपल्या घरात ठेवलेलं नव्हतं. कोण ठेवतं आणि कोण वागवतं, ते पाहा.” त्याच रोममध्ये मुलींना स्वतःचं नाव नव्हतं, बापाच्या कुळाचं नाव आणि वर दुसरी, तिसरी असा नंबर. गुलामाचं तर मालकाच्या नावावरूनच. मार्कसच्या गुलामाला मार्सिपोर म्हणायचे, मार्कसचा पोऱ्या. हे सांगताना तुझा आवाज बदलायचा. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलं आहे.

आणि तुझी ती सवय. ज्याचा अर्थ पक्का नाही, तिथं तू फळ्यावर ‘माहीत नाही’ लिहायचीस. अँटोनियस? माहीत नाही. लोकांनी नंतर त्याचा फुलाशी संबंध लावला, पण तो लावलेला आहे. तुझ्या स्वतःच्या नावातला दुसरा तुकडा? काही जाणकार बळ म्हणतात, काही लाडका असं म्हणतात. मी विचारलं होतं, तुला कोणतं आवडतं? तू म्हणालीस, “आवडण्यावर असतं का रे ते, मिल्या?”

ही सवय तू सुमेधला का नाही दिलीस, ताई? बाकी सगळं दिलंस. लहानपणी तो तुझ्या मांडीवर बसून नावं पाठ करायचा आणि तू कौतुकानं शेजारणींना ऐकवायचीस. त्याचं स्वतःचं सुमेध हे नाव तू ठेवलंस. तुझा लाडका होता. तुझ्या जिभेवरचं सगळं त्याच्या जिभेवर आलं, फक्त ‘माहीत नाही’ तेवढं राहिलं.

सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानावर त्याचं नामकरण सल्ला केंद्र आहे, हे तुला माहीत होतं. तुझ्या देखत तो पत्रिका, आद्याक्षर, अंक यावरच भागवायचा. आता लोकांना परदेशी वाटणारी पण संस्कृत निघणारी नावं हवी आहेत. तुझ्याकडून ऐकलेली नावं त्याच्याजवळ ढिगानं आहेत. अर्थ तेवढे तो नवे बसवतो. परवा कार्यक्रमात वंदना झाली, भन्तेंनी दोन शब्द सांगितले, आणि मग हा उठला. तुझ्या कार्याची माहिती द्यायला. म्हणाला, आत्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनातून सिद्ध झालं आहे की युरोपातली सगळी नावं मूळ आपलीच. ब्रूनो म्हणजे ब्रह्मानंद. क्लॉडिया म्हणजे कलावती.

ब्रूनो म्हणजे तपकिरी रंगाचा, हे तू त्याला आमच्या गल्लीतल्या कुत्र्यावरून शिकवलं होतंस. क्लॉडिया लंगड्याच्या कुळातली. तुझ्या फोटोसमोर उभं राहून, तुझ्याच नावावर, नव्हे, तुझ्या नसलेल्या नावावर तो हे बोलत होता, आणि इमारतीतले लोक माना डोलावत होते.

जेवण झाल्यावर दाराशी प्रत्येकाला एक पाकीट दिलं. मला वाटलं, तुझा फोटो असेल. आत कूपन होतं. नामकरण सल्ल्यावर सवलत, स्मृतिदिनानिमित्त. माझ्या बोटांना खिरीचा चिकटपणा होता, त्याला ते पाकीट चिकटलं. घरी येऊन हात धुतले तरी ते जात नाही असं वाटत होतं.

निघताना त्यानं आणखी सांगितलं. आपल्या जुन्या वस्तीतल्या विहाराची अभ्यासिका, जिथं तू निवृत्तीनंतर दर शनिवारी बस बदलून जायचीस आणि पोरींना शिकवायचीस, तिला तुझं नाव देणार. येत्या रविवारी दगड बसवायचा. त्यावरचा मजकूर त्यानं माझ्याकडूनच मागून घेतला होता. मी लिहून दिलं होतं: गर्ट्रूड, शिक्षिका. पुढे दोन ओळी. डेस्कवर आम्हा सगळ्यांना एकच नियम पक्का होता, बाकी काहीही चुको, मेलेल्या माणसाचं नाव चुकता कामा नये.

“तुमचं मॅटर छान होतं काका,” सुमेध म्हणाला. “फक्त नाव अपडेट केलं.”

त्या हॉलमध्ये आणखी एक गोष्ट मला खटकत होती. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वस्तीतून कोणीच आलं नव्हतं. मनात आलं, विसरल्या का तुझ्या पोरी इतक्यात? मी त्यांच्यावरही नाराज झालो, हे तुला सांगून टाकतो.

काल सकाळी विमलबाईंचा फोन आला. तुझी पहिली विद्यार्थिनी विमल, आता स्वतः आजी झाली आहे आणि विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे.

“भाऊ, कार्यक्रम रद्द झाला का जी? कळवलं तरी असतं.”

“रद्द कुठे? झाला ना. तुम्हीच आल्या नाहीत.”

“आलो होतो न. दोन ऑटो करून आलो होतो साऱ्याजणी. गेटावर पाहतो तं कोण्या गीतांजलीबाईचं नाव. म्हटलं, हे घर नाही. मनीषनगरातल्या साऱ्या बिल्डिंगा सारख्याच दिसतेत. दोन गल्ल्या फिरलो. तुमाले फोन लावला तं बंद.”

फोन मी वंदनेसाठी बंद केला होता.

“शेवटी वापस आलो. शांताबाईनं बाईसाठी पांढरी फुलं आणली होती, ते विहारात ठेवली. जाऊ द्या. कोणाच्या घरचं दुःख, तिथं जाऊन विचारता थोडी येते का, का आमची गट्टूबाई इथंच राहत होती म्हणून.”

ताई, त्या तुझ्या दारापर्यंत आल्या होत्या. तुझ्या अंत्ययात्रेला त्या थेट घाटावर आल्या होत्या, हे घर त्यांनी पाहिलेलंच नव्हतं, कारण नेहमी तूच त्यांच्याकडे जायचीस. दाराशी येऊन त्यांनी फलक वाचला. वाचायला त्यांना तू शिकवलंस. वाचून त्या परत गेल्या. आत आम्ही क्लॉडिया म्हणजे कलावती ऐकत खीर खात होतो.

मी फोन ठेवला आणि तडक बर्डीला गेलो.

दुकानात तुझा फोटो टांगलेला, आणि त्याखाली सुमेधसमोर एक तरुण जोडपं बसलं होतं. बायकोला तान्ह्या मुलीचं नाव एमा ठेवायचं होतं, पण तिच्या सासूला ते विलायती वाटत होतं. सुमेध म्हणत होता, “एमा म्हणजे आपली उमाच. पार्वतीचं नाव. लॅटिनमध्ये गेलं तेव्हा उ चा ए झाला.” ते लॅटिन नाहीच, जर्मन आहे, आणि अर्थ आहे सगळं, अखंड. किती सुंदर अर्थ आहे तो, तान्ह्या पोरीसाठी. त्या बाईनं खुशीनं नवऱ्याकडे पाहिलं.

ती दोघं गेल्यावर मी विमलबाईंचं सांगितलं. तो क्षणभर खरंच ओशाळला. तुझा आहे तो, एवढं तर होईलच. पण मी दगडाचं काढलं तसा परत दुकानदार झाला.

“दगड कोरून झाला, काका. आणि तुम्ही एवढं इमोशनल काहून होऊन राहिले? आजीनं नाही का बदललं नाव? कचरीची सुजाता झाली तेव्हा कोणी रडलं का?”

“आजीनं स्वतः बदललं.”

“मंग?”

“मग काही नाही. जिवंत होती, तोंड होतं, स्वतः बदललं. ताईला तू विचारलंस का? तुझ्याकडे राहत होती ना इतकी वर्षं? एकदा तरी म्हणालास, आत्या, तुझं नाव मला दुकानात नडते?”

त्यानं टेबलावरची कूपनं सरळ रचायला घेतली.

“गावच्या पाटलानं आजीला विचारलं नव्हतं,” मी म्हटलं. “तूही विचारलं नाहीस. त्याच्याजवळ निदान तिचा फोटो लावलेलं दुकान नव्हतं.”

“काका, हे जास्त होऊन राहिलं.”

“होऊन राहिलं तर होऊ दे.”

मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही, कालही चढवला नाही. जिना उतरून आलो. खाली फुटपाथवर कपडेवाल्यांची गर्दी, कोणी मोजे विकतंय, कोणी मोबाईलची कव्हरं. त्यांच्यात आणि याच्यात मला एकच फरक दिसला. ते मोज्याला मोजाच म्हणत होते.

तिथून विहारात गेलो. अभ्यासिकेत शांताबाईंची फुलं अजून टवटवीत होती. विमलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, “दगडावर काय लिवलं हाय, सांगा बरं.”

मी सांगितलं: गीतांजली, शिक्षिका.

“मंग हा दगड त्याईच्या दुकानात लावा म्हणा,” त्या म्हणाल्या. “आमच्या भिंतीवर आम्ही अनोळखी बाईचं नाव काहून लावावं? आम्ही वळखत नाही तिले.” आणि मागे वळून अभ्यास करणाऱ्या पोरींना, “काय वं, वळखता का कोणी गीतांजलीबाईले?” पोरी हसल्या. विषय मिटला. विहाराच्या समितीची बैठक वगैरे मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

दुसरा दगड होईपर्यंत पोरी रंगानं भिंतीवर लिहिणार आहेत. विमलबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, कागद दिला आणि म्हणाल्या, “तुमी लिवून द्या भाऊ. अन् खाली अर्थही लिवा. भाला न ताकद. नव्या पोरी विचारतात.”

मी लिहिलं. मग जुन्या सवयीनं पेन थांबलं. म्हटलं, “विमलबाई, दुसऱ्या शब्दाबद्दल जाणकारांत एकमत नाही. काहींच्या मते त्याचा अर्थ लाडका.”

“मंग तेही लिवा,” विमलबाई म्हणाल्या. “बाई तसंच सांगे. नक्की माहीत नाही म्हणे.”

लिहिलं, ताई. ‘दुसऱ्या भागाचा अर्थ नक्की माहीत नाही’ असं भिंतीवर रंगवलेली ही नागपुरातली एकमेव अभ्यासिका असेल.

सुमेधलाही मी रविवारी बोलावलं आहे. यायचं की नाही ते त्यानं ठरवावं. माझी किळस गेलेली नाही, आणि तो आला म्हणून ती जाईल असंही नाही. पण तो आला तर त्याला पोरींच्या रांगेत बसवीन आणि तुझं नाव सगळ्यांबरोबर मोठ्यानं वाचायला लावीन, पहिला भाग, दुसरा भाग, आणि शेवटचं ‘माहीत नाही’ही. ते दोन शब्द त्याला आल्याशिवाय त्याच्या दुकानात तुझा फोटो राहू देणार नाही, हा माझा शब्द. तुला घाई नाही, आणि मलाही आता कुठला अंक छापायला पाठवायचा नाही.

तुझा धाकटा,
मिलिंद
(तुझा मिल्या)